तेल-पाण्याच्या खड्ड्यातला पंप सेन्सरवर कसा चालवायचा

चिपळूणजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत मी मेंटेनन्सचे काम बघतो. आमच्याकडे ट्रक धुवायचा रॅम्प आहे. रॅम्पचे पाणी तीन कप्प्यांच्या खड्ड्यात येते, तेल वर तरंगत राहते आणि खालचे पाणी तिसऱ्या कप्प्यातल्या पंपाने ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटला) जाते. त्या पंपाला साधा फ्लोट होता, पाणी चढले की चालू, उतरले की बंद. वर्षानुवर्षे चालले. मग एका पावसाळ्यात ईटीपीचा ऑपरेटर तणतणत आला, "तुमच्या खड्ड्यानं माझा फिल्टर खाल्ला." जाऊन बघितले तर टाकीवर काळा तवंग आणि कार्बन फिल्टर चिकटून दगड झालेला. फ्लोटची काहीच चूक नव्हती. कप्प्यात पाण्याऐवजी तेल साठले होते आणि फ्लोट तेलावरही तितक्याच आनंदाने तरंगतो.

त्यानंतर सेन्सर बसवले, चुकले, काढले, परत बसवले. तुमच्याकडे असाच खड्डा असेल आणि साहेबांनी "याला ऑटो करून टाका" असे सांगितले असेल, तर पुढचे वाचून कामाला लागा.

आधीच सांगतो, हे सगळे इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, ग्रीस अशा जड तेलांच्या खड्ड्याबद्दल आहे. पेट्रोल किंवा थिनर येत असेल तर इथेच थांबा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्याच्या तळाशी साचते. तिथे फ्लेमप्रूफ पंप आणि ठिणगीइतकी ऊर्जाही आत जाऊ न देणारा बॅरियर लागतो. ते जाणकाराचे काम, वायरमनच्या हौसेचे नाही.

१. खड्डा समजून घ्या

झाकण उघडा आणि पाणी कुठून येते, कप्प्याकप्प्यातून कसे सरकते, पंपाचे सक्शन (पाणी ओढणारे तोंड) कुठे आहे हे कागदावर काढा. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो. दुसऱ्यात तेल वर येते आणि पाणी भिंतीखालून तिसऱ्यात जाते. तिसऱ्यात फक्त पाणी असावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात दुसऱ्या कप्प्यातले तेल वेळेवर काढले नाही की थर जाड होत भिंतीच्या खालच्या कडेपर्यंत पोचतो आणि तिथून सरळ तिसऱ्यात.

खड्डा पाण्यातून तेल वेगळे करतो तो निव्वळ वजनाच्या फरकावर, आणि त्याला वेळ लागतो. ०.१५ मिलिमीटरचा तेलाचा थेंब स्थिर पाण्यात एक मीटर वर यायला साधारण नऊ मिनिटे घेतो. तोच थेंब दहापट बारीक झाला की वेग शंभरपट कमी होतो, म्हणजे त्याच एका मीटरला जवळजवळ पंधरा तास. म्हणून पंप खड्ड्याच्या आधी कधीही लावू नका. जोरात फिरणारा सेंट्रिफ्युगल पंप तेल-पाण्याचे ताक करतो आणि मग खड्डा कितीही मोठा बांधा, ते वेगळे होत नाही. रॅम्पवरून पाणी उताराने आले पाहिजे, पंप शेवटी. आधी पंप लावल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर हळू फिरणारा स्क्रू पंप किंवा डायफ्रॅम पंप घ्या.

रॅम्पवरच्या डिटर्जंटनेही हेच होते. सेन्सरला तेलाचा थर कळतो, पाण्यात दुधासारखे मिसळलेले तेल कळत नाही. आमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत) तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. एक लिटर तेल साधारण ८५,००० लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. हे मोजणे प्रयोगशाळेचे काम. सेन्सर लावला म्हणून सँपल पास होणारच, असे कोणाला सांगून बसू नका.

२. 'किती आहे' आणि 'काय आहे' हे प्रश्न वेगळे ठेवा

मला हे कळायला दोन सीझन लागले.

फ्लोट सांगतो, किती आहे. खाली काय आहे हे त्याला कळत नाही. दाबावर चालणारा लेव्हल ट्रान्समीटरही तसाच. उलट तो थोडा खोटेही बोलतो, कारण ०.८५ घनतेच्या तेलाचा २० सेंटिमीटर थर त्याला १७ सेंटिमीटर पाणी वाटतो. वरून आवाज सोडून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक फेसावर गोंधळतो, आणि धुण्याच्या रॅम्पला फेस पाचवीला पुजलेला.

'काय आहे' सांगतात ते दोन. एक कंडक्टिव्हिटी प्रोब, म्हणजे स्टीलच्या दोन दांड्या आणि एक रिले (सिग्नल मिळाला की आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच). पाण्यातून वीज जाते, तेलातून जात नाही, एवढाच खेळ. दुसरा कपॅसिटन्स प्रोब. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, तेलाचा दोन-अडीच, त्यामुळे त्याला फरक ठळक दिसतो. तो महाग पडतो, पण चिकट्याला जरा कमी फसतो. पहिल्यांदा करणाऱ्याने दांड्या घ्याव्यात. बिघडल्या तर काय बिघडले हे डोळ्यांनी दिसते.

आता खरी गोम. मी पहिल्यांदा फ्लोट काढून टाकला आणि पाण्याच्या टाकीला लावतात तशा तीन दांड्या लावल्या, कॉमन, खालची आणि वरची. वरच्या दांडीला पाणी लागले की पंप चालू, खालचीचे सुटले की बंद. दोन आठवडे झकास. मग वर चार बोटे तेल साठले. वरची दांडी कायम तेलात, तिला पाणी कधी लागेचना, आणि खाली पाऊण मीटर पाणी असूनही पंप ढिम्म.

तेव्हा चालू करायला फ्लोट घ्या आणि बंद करायला प्रोब. खड्ड्यात द्रव चढला हे फ्लोटने सांगायचे, आणि सक्शनच्या वर अजून पाणीच आहे याची ग्वाही प्रोबने द्यायची. दोघांची 'हो' आली तरच पंप सुरू. पुढे फ्लोट खाली पडला तरी चालेल, पण प्रोबने 'हो' म्हणणे थांबवले की पंप बंद. गंमत अशी की दांडीला तेल आणि हवा सारखीच, दोन्हींतून वीज जात नाही. म्हणजे तेलाचा थर खाली आला तरी पंप थांबतो आणि खड्डा रिकामा झाला तरी थांबतो. ड्राय रनचे, म्हणजे पंप कोरडा चालण्यापासूनचे, संरक्षण फुकटात मिळते.

३. सामान जमवा

• लेव्हल कंट्रोल रिले, दांड्यांना एसी व्होल्टेज देणारा आणि सेन्सिटिव्हिटीचे बटण (किती कमी विजेलाही 'पाणी' म्हणायचे ते ठरवणारे) असलेला. डीसी दिले तर दांड्यांवर इलेक्ट्रोलिसिस होऊन थर चढतो आणि धातू खाल्ला जातो.
• एसएस ३१६ च्या दोन दांड्या, टोकाचे दोन-तीन सेंटिमीटर सोडून बाकी पीव्हीसी स्लीव्ह घातलेल्या.
• केबलवाले दोन फ्लोट. एक पंप चालू करायला, एक भोंग्यासाठी.
• भोंगा आणि लाल दिवा, लोक असतात त्या बाजूला.
• कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच), ओव्हरलोड रिले, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर थांबवणारा), टायमर, ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर.
• बंद होणारा जंक्शन बॉक्स आणि केबल आत घ्यायचे नीट मापाचे ग्लँड. खड्ड्याच्या तोंडाशी कायम वाफ असते. सैल ग्लँडमधून ओल शिरली की टर्मिनलवरच दोन दांड्या जोडल्या जातात आणि रिलेला वाटते खाली पाणी आहे.
• मल्टिमीटर, मेगर (इन्सुलेशन तपासायचे मीटर), मीटरपट्टी, दोन बादल्या, तीन-चार लिटर जुने तेल.

४. उंची ठरवा

आमचे आकडे देतो, तुम्ही तुमचे मांडा. तिसरा कप्पा १.२ मीटर बाय १ मीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला १२ लिटर. पंप मिनिटाला ५० लिटरचा. सगळी मापे तळापासून:

सक्शन २० सेंमी, प्रोबचे टोक ४५ सेंमी, चालू करणारा फ्लोट ७५ सेंमी, भोंग्याचा फ्लोट ९५ सेंमी, ओव्हरफ्लोचा पाइप ११० सेंमी.

प्रोब सक्शनच्या वर २५ सेंटिमीटर ठेवला, कारण पंप चालू असताना सक्शनवर भोवरा धरतो आणि वरचे तेल नळीसारखे खाली ओढले जाते. दहा सेंटिमीटर ठेवून बघितले होते, प्रोब बिचारा 'पाणी आहे' म्हणत होता आणि बाजूच्या भोवऱ्यातून तेल चालले होते.

फ्लोट आणि प्रोबमध्ये ३० सेंटिमीटर, म्हणजे ३६० लिटर. हे अंतर फार कमी ठेवले तर पंप सतत चालू-बंद होतो आणि मोटर तापते. ताळा असा करा: पंपाचा तासाचा प्रवाह घनमीटरमध्ये घ्या, त्याला तासातल्या चालू होण्याच्या संख्येच्या चौपटीने भागा. आमचा पंप तासाला ३ घनमीटर, तासाला दहा वेळा चालू झालेले चालेल असे धरले, तर ३ भागिले ४०, म्हणजे किमान ७५ लिटर. आम्ही त्याच्या बरेच वर आहोत.

ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीला सरळ भोक पाडून काढू नका. कप्पा तुडुंब भरला तर सर्वांत आधी वरचे तेलच त्यातून जाईल. आतल्या बाजूला एल्बो लावून तोंड खाली बुडवा, म्हणजे निदान खालचे पाणी बाहेर पडेल. तोंड बुडवल्यावर एल्बोच्या माथ्याला छोटे हवेचे भोकही ठेवा, नाहीतर सायफन धरतो आणि कप्पा उपसत बसतो.

५. प्रोब कुठे आणि कसा टांगायचा

पाण्याची धार पडते तिथून आणि पंपापासून लांबच्या कोपऱ्यात. लाटांनी प्रोब हलू नये म्हणून पुष्कळ जण त्याला चार इंची पाइपात घालतात. घाला, पण त्या पाइपाला वरपासून खालपर्यंत उभ्या चिरा पाडा. फक्त खाली भोके असलेल्या पाइपात तेल शिरतच नाही. बाहेर अर्धा मीटर तेल असेल आणि पाइपाच्या आत निर्मळ पाणी. प्रोब मग आयुष्यभर 'पाणी, पाणी' म्हणत राहतो.

दोन दांड्यांमध्ये किमान चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवा. तेलाचा पातळ थर दांडीवर बसला तर प्रोब पाण्यात असूनही 'पाणी नाही' म्हणतो आणि पंप थांबतो. त्रासाचे आहे, पण घात नाही. उलटे झाले तर घात आहे. ओला गाळ, चिंध्या, ग्रीसमध्ये मिसळलेली माती दोन दांड्यांमध्ये अडकून पूल झाला, तर प्रोब तेलात असतानाही वीज जाते आणि पंप तेल उपसतो. वरच्या यादीत स्लीव्ह लिहिली ती यासाठीच. उघडे टोक जितके छोटे तितकी पूल व्हायला जागा कमी.

आणि खड्ड्यात एकट्याने उतरू नका. जुन्या गाळातून विषारी वायू निघतो, तो आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच घालवतो आणि मग माणूस पडतो. प्रोब असा लावा की तो वरूनच उचलून काढता येईल. माझा पाइप झाकणाच्या फ्रेमला दोन बोल्टवर आहे.

६. वायरिंग

पीएलसीची (प्रोग्रॅम करायच्या कंट्रोलरची) गरज नाही. प्रोबच्या रिलेचा एनओ (एरवी उघडा असलेला) कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये. पाणी दिसल्यावर रिले ओढला जाईल अशीच जोडणी हवी, पाणी नसल्यावर नव्हे. म्हणजे वायर तुटली, रिले जळला, सप्लाय गेला, काहीही झाले तरी उत्तर एकच, पंप बंद. फ्लोटचा कॉन्टॅक्टही त्याच सिरीजमध्ये घ्या आणि त्याला पॅरलल कॉन्टॅक्टरचा होल्डिंग कॉन्टॅक्ट, म्हणजे फ्लोट पडल्यावरही पंप प्रोबपर्यंत उपसत जातो.

भोंग्याचा फ्लोट मात्र उलटा लावा. एरवी कॉन्टॅक्ट जोडलेला, पातळी चढली की उघडणार, आणि उघडला की भोंगा. वायर उंदराने कुरतडली तरी भोंगा वाजेल. आमच्याकडे कुरतडली आणि वाजला. रात्री दोन वाजता. शिव्या खाल्ल्या, पण समाधानही वाटले.

पंप चालू व्हायला दोन-तीन सेकंद उशीर द्या, लाटेने फ्लोट नाचतो. प्रोबने 'नाही' म्हटल्यावर पाच सेकंद चालतील. आमच्या पंपाने पाच सेकंदात पातळी साडेतीन मिलिमीटरच उतरते. टायमरवर अर्धा मिनिट ठेवणारे पाहिले आहेत, तेवढा कशाला?

प्रोबची केबल मोटरच्या पॉवर केबलबरोबर एकाच पाइपात ओढू नका. शील्ड असेल तर ती पॅनलच्या बाजूलाच अर्थ करा, दोन्ही टोकांना नको.

सिलेक्टर 'मॅन्युअल'वर ठेवून ऑपरेटर चहाला जातो, हा सर्वांत जुना रोग. तिथे हात सोडला की आपोआप 'ऑफ'वर येणारा सिलेक्टर बसवा.

७. बादलीत परीक्षा घ्या

प्रोब खड्ड्यात सोडण्याआधी पॅनल चालू करून (मोटरची केबल काढून) बादलीत बघा. एका बादलीत खड्ड्याचेच पाणी घ्या, वर तळहाताच्या जाडीचा तेलाचा थर ओता. प्रोब वरून हळूहळू खाली न्या. हवेत रिले बंद, तेलात बंद, टोक पाण्याला टेकताच 'टक्'. आता वर ओढा. इथे घाई करू नका, दांडीवरून पाण्याचा ओघळ उतरायला तेलात वेळ लागतो. पाण्याचा शेवटचा थेंब टोकाशी लोंबत राहतो आणि रिले दोन-चार सेकंद अडकून मग सुटतो. दहा वेळा करा. दहाव्या वेळी दांड्या तेलकट, गाळकट झालेल्या असतात. तेव्हा जे दिसते ते खरे.

आता सेन्सिटिव्हिटी. मी ती मे महिन्यात बोअरच्या पाण्यावर बसवली. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, वीज सहज जाते, म्हणून बटण कमीत कमीवर ठेवले. विचार असा की गाळाच्या पुलाने फसायला नको. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला आणि रॅम्पवरून कोरे पावसाचे पाणी खड्ड्यात उतरले. त्यात क्षार जवळजवळ नाहीत, वीज नीट जाईना. प्रोब म्हणे पाणी नाही, पंप बंद, भोंगा चालू आणि आभाळ फाटलेले. झाकण उघडून हाताने पंप चालवत भिजत उभा होतो.

म्हणून बादल्या दोन. दुसरीत पावसाचे पाणी घ्या, उन्हाळ्यात नसेल तर बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी थोड्या नळाच्या पाण्यात मिसळून. त्याच्यावरही 'टक्' झाले पाहिजे आणि गाळकट तेलात होता कामा नये. दोन्ही जमेल अशी जागा बटणावर शोधा आणि मार्करने खूण करा. अशी जागा सापडतच नसेल तर कपॅसिटन्स प्रोबचा खर्च मंजूर करून घ्या.

याच पावसाने आणखी एक गोष्ट शिकवली. 'पंप बंद म्हणजे सुरक्षित' हे कोकणात अर्धेच खरे. पंप बंद आणि पाऊस चालू असेल तर खड्डा तुंबून तेल बाहेर येणारच. आम्ही शेवटी रॅम्पवर पत्रे घातले आणि आवाराचे पाणी वेगळ्या गटाराला वळवले. सेन्सरपेक्षा त्या पत्र्यांनी जास्त काम केले, हे कबूल करतो.

८. तेल काढायचा पंप ऑटो करू नका

हे माझे मत आहे, पटले तर घ्या. प्रोबचा पंप थांबला की वरचे तेल काढावे लागते. तिथे तर्क उलटतो. 'पाणी नाही' म्हटल्यावर तेलाचा पंप चालू, असे केले की तुटलेली वायरसुद्धा त्याला 'चालू हो' असेच सांगते. मग तेलाच्या बॅरलमध्ये पाणी भरत राहते आणि बॅरल सांडते. आम्ही छोटा डायफ्रॅम पंप, समोर माणूस उभा करून, हाताने चालवतो. दुसऱ्या कप्प्यातला थर दर शनिवारी मोजतो. काठीला पाण्यात रंग बदलणारी पेस्ट लावली की तेल किती आणि पाणी कुठून हे स्वच्छ दिसते, पेट्रोल पंपाच्या टाकीत तळाचे पाणी बघायला वापरतात तीच.

९. कागदपत्रे

निघालेले तेल भंगारवाल्याला द्यायचे नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृतता असलेल्या रिसायकलरलाच द्या आणि फाइलला हे लावा:

• कन्सेंट आणि घातक कचऱ्याची अधिकृतता, त्यात तुमच्या तेलाचा प्रकार आणि प्रमाण लिहिले आहे ना ते बघा
• साठ्याची नोंद, फॉर्म ३
• प्रत्येक खेपेचे मॅनिफेस्ट (कचरा नेल्याचे पत्रक), फॉर्म १०
• वार्षिक विवरण, फॉर्म ४, ३० जूनपर्यंत
• पाण्याच्या सँपलचे अहवाल
• पॅनलचे ड्रॉइंग आणि प्रोब तपासल्याची वही

साठा साधारणपणे ९० दिवसांच्या वर ठेवायचा नाही. बॅरल छपराखाली, खाली कठडा आणि वर लेबल. तपासणीला आलेले अधिकारी पंप नंतर बघतात, आधी बॅरलवरची तारीख.

१०. चालू झाल्यावर

सोमवारी प्रोब वर काढून चिंधीने पुसायचा. तारेच्या ब्रशने नको, ओरखड्यांत गाळ धरतो. परत सोडण्याआधी हवेत रिले सुटतो का बघायचे. महिन्यातून एकदा भोंग्याचा फ्लोट हाताने उचलायचा. पावसाळ्याआधी मोटर आणि केबलचे मेगरिंग, पहिला कप्पा उपसून गाळ काढणे आणि दोन बादल्यांची परीक्षा परत.

आमच्या वायरमनने पॅनलच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे, मी सांगितला नव्हता: "पंप बंद आहे म्हणजे खाली तेल आहे नाहीतर प्रोब घाण आहे. आधी झाकण उघडून बघा. रिलेच्या टर्मिनलला वायरचा तुकडा लावू नये. कोणी लावला ते मला कळते."